जुन्या मोटारींना नवीं इंजिनें

नांदेडहून अर्धापूर आणि वारंगा फाटा या मार्गानें यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर हदगांव हें तालुक्याचें गांव लागतें. या रस्त्यावरून अँबॅसडर मोटारी पुष्कळ वर्षें धावल्या. अँबॅसडरला वेगवान गाडी असें कोणीं कधीं म्हटलें नाहीं. वऱ्हाडांतलीं आठ-दहा माणसें पोटांत घालून, त्यांचें सामान डोक्यावर घेऊन, कुरकुर न करतां मुक्कामाला पोंचणें हाच तिचा लौकिक. परंतु तिच्या बोनेटखालीं असलेलें १४८९ घन सेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन हें एका फार नखरेल मोटारीच्या इंजिनाचें सख्खें भावंड होतें, ही गोष्ट त्या वऱ्हाडाला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. १९५५ सालीं इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यांतून 'एमजीए' नांवाची दोन आसनांची, उघड्या टपाची, जमिनीलगत बसणारी मोटार बाहेर पडली. तिचें इंजिन व पुढें अँबॅसडरला मिळालेलें इंजिन हीं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच नमुन्यावर बेतलेलीं होतीं. एकाला दोन कार्ब्युरेटर व अधिक दाब, म्हणून शक्ति सत्तर अश्वशक्तीच्या आसपास. दुसऱ्याला एकच कार्ब्युरेटर व बेताचा दाब, म्हणून शक्ति पंचावन्नच्या आसपास. मुख्य भेद एवढाच.

हें नातें आठवण्याचें प्रयोजन असें कीं, जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारी जतन करणाऱ्या मंडळींत एक वाद दीर्घकाळ चालत आलेला आहे. अशा गाडीचें मूळ इंजिन किंवा मूळ गिअरबॉक्स काढून त्या जागीं दुसऱ्या गाडीचा बसवावा कीं बसवूं नये? एका पक्षाच्या मतें हें देवळांतली मूर्ति उचलून तेथें बाजारांतली बसविण्यासारखें आहे. दुसरा पक्ष म्हणतो कीं, मोटार ही चालण्यासाठीं असते. ती वर्षभर चादर पांघरून पडून राहण्यापेक्षां परक्या इंजिनावर का होईना, पण चालावी. दोन्ही पक्ष तावातावानें बोलतात. परंतु या गाड्यांना त्यांचीं 'मूळ' इंजिनें मिळालीं कशीं, हें पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

एमजी हीं अक्षरें 'मॉरिस गॅरेजेस' या नांवांतलीं. ऑक्सफर्डच्या या विक्री-दुरुस्तीच्या दुकानाचा व्यवस्थापक सेसिल किंबर यानें १९२० नंतरच्या दशकांत मॉरिसच्या साध्या गाड्यांच्या सांगाड्यावर देखणीं शरीरें चढविण्यास आरंभ केला आणि त्यांतून एमजीचा जन्म झाला. स्वतंत्र इंजिन घडविण्याला जो पैसा लागतो, तो अशा लहान धंद्यापाशीं नसतो. म्हणून चारचौघांच्या संसारी मोटारीचें इंजिन घ्यावें, त्याला थोडें चेतवावें आणि हलक्या अंगाच्या गाडींत बसवावें, हा ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीचा कुळाचारच ठरून गेला.

यांतलें सर्वांत मौजेचें उदाहरण ट्रायम्फचें आहे, आणि तें हदगांवच्या शेतकऱ्याला जवळचें वाटेल असें आहे. १९४६ पासून कॉव्हेंट्री येथें स्टँडर्ड मोटर कंपनी हॅरी फर्ग्युसन याच्यासाठीं एक लहानसा करड्या रंगाचा ट्रॅक्टर तयार करीत असे. त्याला प्रथम अमेरिकन इंजिन बसे. लौकरच स्टँडर्डनें स्वतःचें इंजिन पुरविण्यास सुरवात केली. याच इंजिनाचा मोठा अवतार कंपनीच्या व्हॅनगार्ड या घरगुती मोटारींत होता. तेथें सिलिंडरचा व्यास ८५ मिलिमीटर आणि एकंदर आकारमान २०८८ घन सेंटिमीटर होतें. १९५३ सालीं याच कुळांतलें इंजिन ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स मोटारींत आलें. शर्यतींत दोन लिटरांच्या आंतील वर्गांत गाडी उतरवितां यावी म्हणून व्यास ८३ मिलिमीटरवर आणला, तेव्हां आकारमान १९९१ घन सेंटिमीटर झालें. पुढें टीआर-४ मध्यें व्यास ८६ मिलिमीटर केला आणि तें २१३८ वर गेलें. नांगराला जुंपलेल्या भावंडाकडून तीस अश्वशक्तीच्या आंतच काम घेत; शर्यतींतलें भावंड नव्वद देई. टीआर-२ मध्यें ट्रॅक्टरचें इंजिन आहे असें हिणविणारे लोक असतात. त्यांचें म्हणणें अगदीं खोटें नाहीं, पण पुरतें खरेंही नाहीं. एका आजोबांचीं हीं तीन नातवंडें होत.

व्यास इतक्या सहज बदलतां आला याला कारण त्या इंजिनाची रचना. त्याचे लायनर सुटे असत आणि त्यांना बाहेरून थंड पाणी थेट लागत असे. झिजलेला लायनर उपटून दुसरा ठोकला कीं इंजिन पुन्हां नवें. ट्रॅक्टर आडगांवीं बिघडला तर मोठ्या कारखान्याची वाट पाहावी लागूं नये, या हेतूला ही सोय फार उपकारक होती. शेताच्या गरजेनें जन्मलेली सोय शर्यतीच्या मैदानावर उपयोगीं पडली. ज्या वर्षीं हदगांव निजामाच्या राज्यांतून मुक्त झालें, त्याच १९४८ सालीं मद्रासेस स्टँडर्डची भारतीय कंपनी निघाली आणि व्हॅनगार्ड गाड्या येथें जुळविल्या जाऊं लागल्या. १९६१ पासून याच कंपनीनें हेरल्ड ही लहान मोटार काढली. इंग्लंडांत त्याच हेरल्डच्या सांगाड्यावरून ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स मोटार १९६२ सालीं तयार झाली. म्हणजे स्पोर्ट्स मोटार भारतांत बनली नाहीं, तरी तिचे सगेसोयरे येथें घरोघर नांदत होते.

आतां इंजिन बदलणें म्हणजे नेमकें काय, याचा विचार केला पाहिजे. मराठवाड्याच्या शिवारांत इंजिन ही एका जागीं बांधलेली वस्तु कधींच नव्हती. विहिरीवर पाणी उपसणारें तेलाचें इंजिन हंगाम बदलला कीं पाण्याच्या पंपावरून सुटे आणि मळणीयंत्राला किंवा उसाच्या चरकाला जोडलें जाई. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या १९४६ सालीं स्थापन झालेल्या कंपनीचीं इंजिनें अशा कामाचीं म्हणून गांवोगांव परिचित झालीं. पट्टा काढला, दुसऱ्या चाकावर चढविला, काम सुरू झालें. मग मोटारीच्याच बाबतींत एवढा खटाटोप कां?

याचें उत्तर फेऱ्यांत आहे. विहिरीवरचें इंजिन मिनिटाला ठराविक फेऱ्यांनीं, समजा १५०० फेऱ्यांनीं, दिवसभर एकाच चालीनें फिरतें. मोटारीला मात्र उभ्या जागेवरून हलावें लागतें, नदीपात्रांतून वर चढावें लागतें आणि मोकळ्या रस्त्यावर पळावें लागतें. इंजिनाचा खरा जोर फेऱ्यांच्या एका ठराविक पट्ट्यांतच मिळतो. त्या पट्ट्यांतला जोर चाकाला हव्या त्या चालीनें पोंचविणें हें गिअरबॉक्सचें काम. गिअरबॉक्सच्या मागें प्रॉपेलर शाफ्ट, त्याच्यामागें मागच्या आंसांतले दांते. या साखळीची प्रत्येक कडी पुढच्या कडीचा स्वभाव ओळखून घडविलेली असते. इंजिन बदललें कीं क्लचच्या घराचीं छिद्रें जुळत नाहींत, गिअरबॉक्सची लांबी बदलली कीं शाफ्ट कापून पुन्हां तोलावा लागतो, गिअरचा दांडा आसनाखालीं येतो, वेग दाखविणारा कांटा खोटें बोलूं लागतो, रेडिएटर अपुरा पडतो आणि ब्रेक तर सर्वांआधीं अपुरे पडतात. अननुभवी मालक मिस्त्रीला फक्त 'इंजिन बसेल का' एवढेंच विचारतो. बसेल, बहुधा बसतेंच. थांबेल का, हा प्रश्न पहिल्यानें विचारावयाचा असतो.

खुद्द एमजीच्या कारखान्यानें या बाबतींत जो अनुभव घेतला, तो बोलका आहे. १९६२ सालीं एमजीबी निघाली. तिचें इंजिन त्याच कुळांतलें, पण १७९८ घन सेंटिमीटरचें. १९६७ सालीं कारखान्यानें त्याच अंगांत सहा सिलिंडरांचें, २९१२ घन सेंटिमीटरचें, लोखंडी इंजिन बसविलें आणि गाडीचें नांव एमजीसी ठेविलें. शक्ति वाढली, पण तिच्या नाकावर शंभर किलोंच्या जवळपास जादा ओझें आलें. पुढच्या चाकांची टांगणी सर्वस्वी बदलावी लागली, बोनेटला उंचवटा काढावा लागला, आणि इतकें करूनही वळणावर गाडी जडावल्यासारखी वाटूं लागली. १९६९ मध्यें ती बंद झाली. पुढें केन कॉस्टेलो नांवाच्या एका उद्योगी गृहस्थानें एमजीबींत रोव्हर कंपनीचें आठ सिलिंडरांचें ३५२८ घन सेंटिमीटरचें इंजिन बसवून गाड्या विकावयास काढल्या. हें इंजिन मुळांत अमेरिकेंतील ब्यूकचें. रोव्हरनें त्याचे हक्क घेतले होते. तें ॲल्युमिनियमचें होतें. आठ सिलिंडर असूनही तें एमजीबीच्या लोखंडी चार सिलिंडरांपेक्षां जड नव्हतें! कारखान्यानें मग तीच वाट धरली, आणि १९७३ ते १९७६ या काळांत अशा २५९१ गाड्या बनविल्या. जोर वाढला म्हणून मागच्या आंसाचें प्रमाण ३.९ वरून ३.०७ वर आणलें, म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांत तेंच अंतर तोडूं लागलें. एकाच गाडीच्या दोन कथा. एकींत जोराबरोबर ओझें आलें, दुसरींत आलें नाहीं.

सनबीम टायगरची कथा याहून विनोदी आहे. १९६४ सालीं अल्पाइन नांवाच्या नाजूक गाडींत फोर्डचें ४.२ लिटरचें आठ सिलिंडरांचें अमेरिकन इंजिन बसविलें. तें इतकें कोंदटून बसलें कीं, मागचा एक स्पार्क प्लग काढावयाचा तर आसनांच्या बाजूनें, पुढच्या पडदींतल्या एका भोकांतून हात घालावा लागे. गाडी लोकप्रिय झाली. पण रूट्स कंपनी क्रायस्लरच्या हातीं गेली. आपल्या गाडींत प्रतिस्पर्धी फोर्डचें इंजिन ठेवणें क्रायस्लरला रुचेना, आणि स्वतःचें इंजिन त्या जागेंत मावेना. १९६७ मध्यें टायगर संपली. इंजिनाच्या निवडीला कधीं कधीं इतकीं क्षुद्र कारणें पुरतात.

गिअरबॉक्सची अदलाबदल मात्र बरीच निराळ्या प्रकृतीची आहे, आणि जाणत्यांचा कल आतां तिकडेच अधिक दिसतो. एमजीबीला चारच गिअर. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेशसुद्धां नव्हतें. चालत्या गाडींत पहिला गिअर टाकूं गेलें कीं दांते करकरत. चौथ्या गिअरमध्यें ताशीं शंभर किलोमीटर वेग धरला तर इंजिन मिनिटाला सुमारें ३५०० फेऱ्या मारतें. इंग्लंडच्या जुन्या आडवळणी रस्त्यांवर हें चालून गेलें. आजच्या महामार्गावर तासन् तास असा घोष ऐकणें कानांना आणि इंजिनाला दोहोंनाही सोसत नाहीं. त्या काळीं यावर लेकॉक कंपनीचें ओव्हरड्राइव्ह हें जादा यंत्र घेतां येत असे. हल्लीं इंग्लंडांत फोर्ड सिएरा या गाडीचा पांच गिअरांचा गिअरबॉक्स बसविण्याची रीत आहे. त्याचा पांचवा गिअर ०.८२ या प्रमाणाचा असल्यामुळें त्याच वेगाला फेऱ्या सुमारें २८५० वर येतात. इंजिन मूळचेंच राहतें, बोनेट उघडून पाहणाऱ्याला फरक दिसत नाहीं, आणि जुना गिअरबॉक्स फळीवर ठेवून पुन्हां केव्हांही जागेवर आणतां येतो. मूर्तीच्या उपमेंतच बोलावयाचें तर ही मूर्ति तीच राहते. बदलतो तो पालखीचा दांडा.

भारतांत हा विषय हौसेचा नव्हे, निकडीचा म्हणून आला. १९५३ मध्यें टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर येथें केवळ सुटे भाग जुळविणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव राहिला नाहीं. फोर्ड व जनरल मोटर्स दोन्ही निघून गेल्या, आणि परदेशी गाडीचा सुटा भाग मिळणें दुर्घट झालें. साहेब लोकांनीं किंवा संस्थानिकांनीं मागें ठेवलेल्या एमजीचा क्रँक तुटला तर काय करावें? अशा वेळीं मिस्त्रीची नजर अँबॅसडरकडे वळावी हें अगदीं स्वाभाविक होतें. ज्यांचें कुळ एकच, त्या गाड्यांत हें काम पुष्कळसें सोपें. परंतु गिअरबॉक्सपाशीं पुन्हां अडचण आहेच, कारण अँबॅसडरचा गिअरचा दांडा बरींच वर्षें स्टिअरिंगच्या खांबावर असे आणि एमजीचा दोन आसनांच्या मध्यें. एमजीएच्या आधींच्या एमजी गाड्यांचें १२५० घन सेंटिमीटरचें इंजिन तर निराळ्याच कुळांतलें. तेथें अँबॅसडरचें इंजिन म्हणजे दत्तक घेणेंच.

कारखान्यांनींही येथें हेंच केलें. मुंबईच्या महिंद्रांनीं १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकन वंशाच्या जीपमध्यें फ्रेंच पेजोचें डीझेल इंजिन बसविलें. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें इटालियन फियाटच्या अंगांत जपानी निस्सानचें इंजिन व गिअरबॉक्स घालून ११८-एनई ही गाडी काढली. आणि खुद्द अँबॅसडरला १९९० नंतरच्या दशकांत इसुझूचें १.८ लिटरचें इंजिन आणि पांच गिअरांचा गिअरबॉक्स मिळाला. इंग्लंडांत जें काम हौशी माणूस सुटीच्या दिवशीं आपल्या गॅरेजांत करतो, तें येथें उत्तरपाड्याच्या कारखान्यांत हारीनें झालें. २०१४ सालीं ती गाडीच बंद झाली. मराठवाड्यांतल्या मिस्त्रींनीं याला आपली भर घातली ती डीझेलची. पेट्रोल महाग, म्हणून पेट्रोलची जीप किंवा अँबॅसडर आली कीं तिचें इंजिन उतरवावें आणि डीझेलचें चढवावें. डीझेल इंजिनाच्या फेऱ्या कमी, म्हणून जुन्याच आंसावर गाडीचा पल्ला वाढला तरी धांव घटली. प्रवासी वाहणाऱ्याला त्याची खंत नव्हती.

परंतु आतां कायद्याचें बोलणें आवश्यक आहे. हौशी मालकाचा खरा तोटा येथें होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें कीं, उत्पादकानें ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणीपत्र विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रावर लिहिलेला असतो. इंजिन बदललें तर हदगांवच्या मालकाला नांदेडच्या परिवहन कार्यालयाची अनुमति घ्यावीच लागेल. ती न घेतां गाडी रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीशीं वाद घालतांना त्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. शिवाय जुलै २०२१ मध्यें केंद्रीय नियमांत जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांहून अधिक वयाची, सांगाडा, शरीर किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली, मूळ रूपांतली गाडी ती 'व्हिंटेज'. तिच्या नव्या नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांनीं पुनर्नोंदणीस ५,००० रुपये, आणि क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें. मात्र ही गाडी प्रदर्शन, मेळावा, संशोधन किंवा दुरुस्ती अशा कारणांसाठींच बाहेर काढतां येते. रोजच्या वापरास नाहीं.

म्हणजे मालकाला दोहोंपैकीं एक निवडावें लागतें. गाडी इतिहासाचा दस्तऐवज म्हणून ठेवावयाची तर इंजिनाला हात लावतां येत नाहीं, आणि बाजारहाटाला नेतां येत नाहीं. वाहन म्हणून ठेवावयाची तर बदल रीतसर नोंदवावा लागतो, आणि व्हिंटेजचा मान सोडावा लागतो. नियमांत गिअरबॉक्सचा नांवानें उल्लेख नाहीं. पण त्यावरून मोकळीक आहे असें धरून चालणें धाडसाचें होईल. आधीं विचारावें, मग पाना उचलावा. टीआर-२ चें इंजिन ट्रॅक्टरच्या कुळांतलें आणि एमजीबीचें आठ सिलिंडरांचें इंजिन अमेरिकेंतलें, हें लक्षांत घेतां शुद्धतेचा हा नियम या गाड्यांच्या इतिहासाशीं फारसा जुळत नाहीं. तरी दोष नियमाचा म्हणतां येत नाहीं. कारखान्यानें घेतलेलें उसनें इंजिन हा गाडीचा इतिहास होय. गेल्या वर्षीं मिस्त्रीनें घातलेलें इंजिन हा अजून इतिहास झालेला नाहीं.

हल्लीं एक तिसरा मार्ग पुढें येत आहे. इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही काढून विजेची मोटर व बॅटऱ्या बसविणें. इंग्लंडांत एमजीबीवर व जॅग्वार ई-टाइपवर असे प्रयोग झालेले आहेत. २०१८ सालीं ब्रिटिश राजपुत्र हॅरी याच्या विवाहाच्या दिवशीं अशीच एक विजेची ई-टाइप सर्वांनीं पाहिली. जुन्या मोटारींची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिव्हा' मात्र अशा गाडीला ऐतिहासिक म्हणावयास तयार नाहीं. भारतांत असा संच बसवावयाचा तर तो पुण्याच्या 'एआरएआय' सारख्या चाचणी संस्थेकडून मान्य झालेला असावा लागतो, आणि प्रत्येक गाडीच्या नमुन्यासाठीं तो मान्य होत असल्यामुळें, ज्या नमुन्याच्या देशांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या आहेत, त्यासाठीं ही दगदग कोण करणार?

तेव्हां ज्यानें विचार करून इंजिन काढावयाचें ठरविलें असेल, त्यानें काढलेलें इंजिन भंगारवाल्याला देऊं नये. सिलिंडरमध्यें थोडें तेल सोडून प्लगचीं भोकें बंद करावीं, उंदीर शिरणार नाहींत असें झांकावें, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं क्रँक हातानें एक-दोन फेऱ्या फिरवावा. नाहींतर आपल्या पावसाळ्यांत पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटून बसतात. सांगाड्याला नवें छिद्र पाडण्याऐवजीं जुन्याच छिद्रांवर बसणारे सुटे लोखंडी आधार करून घ्यावे. आणि एमजीबीच्या इंजिनावर त्याच्या क्रमांकाची जी लहानशी धातूची पट्टी रिव्हेट करून बसविलेली असते, ती जागच्या जागीं असल्याची खातरजमा करावी. पुढेंमागें हें इंजिन त्याच गाडीचें होतें असें परिवहन कार्यालयाला किंवा नव्या मालकाला दाखवावयाचें झालें, तर त्या पट्टीवरचा आंकडा आणि नोंदणीपत्रावरचा आंकडा हे दोनच पुरावे हातीं असतात.